नॉर्विचच्या चर्चच्या घंटा: तीन तास वाजल्या, पण चाल कुठली ते कळेना

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, मी मूळची नाशिकची, पंचवटीतली, आणि दीड वर्षापासून इंग्लंडात नॉर्विचला आहे. इथल्या मार्केटला खेटूनच सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट नावाचं जुनं मोठं चर्च आहे. परवा शनिवारी भाजी घ्यायला गेले तर घंटा सुरू झाल्या, म्हटलं लग्नबिग्न असेल, होतील पाच मिनिटांत बंद. कुठलं काय! फिरून आलो, कॉफी झाली, लायब्ररीत पुस्तकं बदलली, तरी यांचं आपलं चालूच. सुरुवातीला जिना उतरल्यासारखा छान वरून खाली सूर येतो आणि मग सगळं हळूहळू विस्कटत जातं, म्हणजे लय एकदम पक्की पण चाल म्हणून काही नाही. नवरा म्हणतो मशीन बिघडलंय. मला वाटतंय कोणीतरी नवीन माणूस शिकतोय. पण तीन तास??

आमच्याकडे नारोशंकराची घंटा एकच, तिला चाल लागत नाही आणि गोदेला पूर आल्यावर पाणी घंटेपर्यंत गेलं का एवढंच सगळे विचारतात. त्यामुळे माझं घंटाज्ञान तिथेच संपतं. कोणाला काही माहिती असेल तर सांगा.

सातवा_गडी

ताई, मशीन नाही आणि बिघडलेलं तर अजिबात नाही. वर खोलीत गोल उभं राहून माणसं दोर ओढत असतात, एका घंटेला एक माणूस (अगदी जड असेल तर दोन). मी मिडलंड्समधल्या एका छोट्या गावात सहा वर्षं हेच करतोय, ऑफिसच्या मित्राने एकदा ओढत नेलं आणि अडकलो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी घंटा कशी वाजते ते बघा. आपल्या देवळात घंटा जागेवर असते आणि आपण लोळा हलवून टोल देतो. इथे अख्खी घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला बांधलेली असते आणि सुरू करण्याआधी तोंड वर करून उलटी उभी ठेवतात, दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरून परत उलटी उभी राहते, त्या फेरीत एकदाच टोल पडतो. मॅनक्रॉफ्टच्या 12 घंटांमधली सगळ्यात मोठी दोन टनांच्या आसपास आहे, आता एवढं वजन फिरायला लागल्यावर मध्येच थांबवता येत नाही. फक्त वर पोचल्यावर क्षणभर तोलून धरता येतं, किंवा थोडं लवकर खाली सोडता येतं. म्हणजे घंटा ओळीतल्या तिच्या जागेपासून एक घर पुढे किंवा एक घर मागे सरकू शकते, त्याहून जास्त नाही. चाल वाजवायची तर तोच सूर लगेच परत हवा असतो, ते इथे शक्यच नाही. मग 17व्या शतकात इथल्या पोरांनी काय केलं, चाल सोडून दिली आणि क्रम बदलत जायचा खेळ काढला. समजा सात घंटा घेतल्या, तर 1234567 पासून सुरू करायचं (सगळ्या घंटा एकेकदा वाजल्या की एक ओळ), दर ओळीत शेजारशेजारच्या घंटांनी जागा बदलायच्या, एकदा वाजलेली ओळ परत येऊ द्यायची नाही, आणि शेवटी परत 1234567 वर यायचं. तुम्हाला जो जिना ऐकू आला ना तोच हा पहिला क्रम.

सात घंटांचे सगळे क्रम होतात 5040. ते सगळे न चुकता, न थांबता, कागद न बघता वाजवले की त्याला पील म्हणतात. बहुतेक शनिवारी तुम्ही पीलच ऐकलात. आणि गंमत म्हणजे तुम्ही नेमक्या त्याच चर्चसमोर उभ्या होतात जिथे हा प्रकार पहिल्यांदा पुरा झाल्याची नोंद आहे. 2 मे 1715, 5040 क्रम, 3 तास 18 मिनिटं. तेव्हा तिथे 12 घंटा नव्हत्या बरं का, 12 चा संच 1775 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल फाउंड्रीतून, म्हणजे घंटा ओतायच्या कारखान्यातून आला. ती फाउंड्री 2017 मध्ये बंद पडली, आमच्या लोकांत सुतक असल्यासारखं वातावरण होतं.

झोपमोड

म्हणजे थोडक्यात तीन तास लोखंडावर गणित. शेजारी काही बोलत नाहीत का? आपल्याकडे ढोलपथकाच्या प्रॅक्टिसला एक तास झाला तरी पोलिसांना फोन जातो.

सातवा_गडी

@झोपमोड लोखंड नाही हो, तांबं आणि कथिल, कासं! आणि बोलतात की, खूप बोलतात. म्हणून बऱ्याच टॉवरमध्ये आवाज दाबायला झडपा असतात, शिवाय प्रॅक्टिसला लोळे बांधून ठेवून कॉम्प्युटरवर आवाज ऐकायची सोय पण आहे. तरी पील रोज कोणी वाजवत नाही.

बाकी हे लोक पूर्वी काही संत नव्हते. चर्चची घंटा म्हणजे प्रार्थनेला येणारी माणसं असं आपल्याला वाटतं, पण 18व्या शतकात हा सरळ सरळ खेळ होता, पैज लावून वाजवायचे, वर खोलीत बिअरची मोठी सुरई असायची आणि खाली प्रार्थना सुरू झाली की मंडळी मागच्या दाराने पबात. पाद्री लोक वैतागलेले असायचे, मग 19व्या शतकात त्यांनी शिस्त लावायला घेतली. बायकांना तर कोणी घेतच नव्हतं, पील पूर्ण करणारी पहिली बाई ॲलिस व्हाइट, ते साल 1896. म्हणजे पहिल्या पीलनंतर 181 वर्षं लागली.

पेठेतला

चांगला धागा. जरा अवांतर, पण पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौदचं चर्च आहे ना, होली नेम, तिथे पण इंग्लंडात ओतलेल्या आठ घंटा आहेत आणि त्यांचा मनोरा चर्चपासून वेगळा उभा आहे. लोकांना पंचहौद म्हटलं की फक्त 1890 चा तो चहा आठवतो, मिशनमध्ये टिळक रानडे वगैरे मंडळींच्या पुढे चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) झालं ते. घंटांचं कोणी नाव काढत नाही. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पण आठ आहेत, इंग्लंडातल्या लफबरोच्या, घंटा ओतणाऱ्या टेलर कंपनीच्या.

नाशिकच्या ताईंना एक सांगायचं राहिलं, नारोशंकराची घंटा पण चर्चचीच आहे! चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई घेतली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा सरदारांनी आणल्या आणि देवळांना दिल्या. तुमच्या घंटेवर 1721 साल आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे तिच्यावर 1707. म्हणजे तुमची घंटा त्या पहिल्या पीलपेक्षा फक्त सहा वर्षांनी धाकटी. पोर्तुगीजांकडे हा क्रम बदलायचा प्रकार नव्हता, त्यामुळे ती वसईत पण नुसतीच वाजत असणार 😀

गोदाकाठची

आईशप्पथ! 1721 हे माहीत होतं, पण असं शेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं.

बरं अपडेट. सगळ्यांचं वाचून काल जरा धीर करून चर्चमध्ये विचारलं, तर एक आजोबा म्हणाले चला की वर. गोल जिना, एवढा अरुंद की पर्स पुढे धरून चढले. खोलीत भिंतीभर लाकडी पाट्या, त्यावर कधी कोणी काय वाजवलं आणि कोण कुठल्या घंटेवर होतं ते, सोनेरी अक्षरात. 1715 ची पण आहे. आजोबांनी सांगितलं की शिकणाऱ्यांसाठी टॉवरमध्येच वेगळ्या छोट्या घंटा बसवल्यात. मला दोर धरायला दिला, त्याला रंगीत लोकरीचा जाड गोंडा असतो त्याला सॅली म्हणतात, तो सर्रकन वर जातो तेव्हा सोडायचा असतो. मी नाही सोडला. चपला जमिनीवरून उचलल्या गेल्या आणि आजोबा एकदम ओरडले, नंतर चहा पाजला.

युद्धाचं पण काही सांगत होते पण त्यांचा उच्चार मला निम्मा कळत नाही. 1940 ला घंटा बंद केल्या होत्या का?

सातवा_गडी

हो. जून 1940 मध्ये सरकारने बंदी घातली, घंटा वाजली म्हणजे जर्मन उतरले असं समजायचं. अडीच वर्षांनी इजिप्तमध्ये एल अलामीनची लढाई जिंकल्यावर 15 नोव्हेंबर 1942 च्या रविवारी एक दिवस परवानगी मिळाली, आणि तेव्हा कितीतरी गावांत टॉवरमध्ये माणसंच पुरेना, पोरं सगळी युद्धावर. बंदी पुरती उठली 1943 ला. पहिल्या महायुद्धात तर साधारण 1400 वाजवणारे मेले, म्हणून 2018 मध्ये शंभर वर्षं झाल्यावर तेवढेच नवीन लोक शिकवायची मोहीम काढली होती. आमच्या टॉवरमध्ये त्यातून दोन जण आले, त्यातली एक नर्स आहे आणि माझ्यापेक्षा भारी वाजवते.

आणि सॅली वेळेत सोडायची हो ताई! पहिले दोन महिने फक्त तेवढंच शिकवतात.

अंकपाश

उशिरा आलो. गणिताचा मास्तर आहे, चाळीसगावचा, म्हणून गप्प बसवत नाही. 5040 बघितल्या बघितल्या लीलावती आठवली. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमाराला अंकपाश प्रकरणात हेच विचारलंय, शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू वगैरे दहा वस्तू आलटून पालटून दिल्या तर मूर्ती किती प्रकारच्या होतील, आणि हरीच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख दिले तर किती. हरीचे 24, शंभूचे 36,28,800. चार घंटा म्हणजे हरी, दहा घंटा म्हणजे शंभू. फरक एवढाच की आपल्याकडे उत्तर काढून पुढचं उदाहरण घेतलं, या लोकांनी ते वाजवून बघितलं. मॅनक्रॉफ्टच्या 12 घंटांचे क्रम होतात 47,90,01,600. @सातवा_गडी हे कोणी पूर्ण केलंय का?

सातवा_गडी

सर, बाराचे न थांबता वाजवायला तीस वर्षांवर लागतील. आठचे 40,320 मात्र झालेत, 1963 मध्ये लफबरोला टेलरच्या फाउंड्रीच्या टॉवरमध्ये, आठ माणसं, 17 तास 58 मिनिटं, बदली माणूस नाही. आणि हो, मध्ये बाथरूमला जायची सोय नाही, हा प्रश्न पुढे येणारच होता.

गोदाकाठची

तोच विचारणार होते 😀 मास्तर, लीलावतीचं ते उदाहरण मूळ श्लोकासकट टाका ना, आजोबांना दाखवायचंय. मंगळवारी परत बोलावलंय, चपलांऐवजी बूट घालून या म्हणालेत.