मदत हवी आहे: पिण्याच्या पाण्याच्या नकाशावर बिंदू भलतीकडेच पडताहेत

पाणवठा: सर्वेक्षण झालंय. कोणती वस्ती कुठून पाणी भरते, विहिरी, हातपंप, सार्वजनिक नळ, सगळं आहे. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की बिंदू भलतीकडेच. परवा नकाशा द्यायचाय. पटकन सांगा कोणीतरी.

निरभ्र: भलतीकडे म्हणजे कुठे? फाइल कसली? अक्षांश-रेखांश दशांशात आहेत का?

आडवाट: क्यूजीआयएस सोडा, कोबो टूलबॉक्स घ्या. नेट नसलं तरी फोनवर नोंद होते. आम्ही सगळं त्यातच करतो.

निरभ्र: अहो, नोंदी झाल्यात त्यांच्या. आता कोबो सांगून काय उपयोग?

पाणवठा: सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल; आकडे दशांशात. काही बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात, बाकीचे दुसऱ्याच देशात.

निरभ्र: मग हे दोन वेगळे घोळ आहेत. समुद्रातले म्हणजे शून्य अक्षांश, शून्य रेखांश, गिनीचं आखात. फोनला जागा सापडली नसणार आणि रकान्यात शून्य पडलं. बाकीच्यांत एक्स-वाय, म्हणजे आडवा आणि उभा अक्ष, उलटे झालेत. एक्सला रेखांश द्या, वायला अक्षांश, निर्देशांक प्रणाली ईपीएसजी ४३२६, म्हणजे जीपीएसचे नेहमीचे अक्षांश-रेखांश.

हातपंप: पाणी तपासलंत का? फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको. आधी ते बघा.

घागर: विहीर दाखवली म्हणजे लोक तिथलंच पाणी पितात असं नाही. जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि युनिसेफच्या मोजणीत जाऊन-येऊन, रांग धरून ३० मिनिटांच्या वर लागली, तर स्रोत चांगला असूनही सेवा 'मर्यादित' धरतात. घर आणि स्रोत रेषेने जोडा.

आडवाट: त्यालाच तर घरोघरची प्रश्नावली लागते. कोबोत...

मोजपट्टी: घागर यांचं बरोबर आहे. डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनच्या कॉलऱ्याच्या १८५५ च्या नकाशात ब्रॉड स्ट्रीटचा संशयित पंप चालत सगळ्यात जवळ पडेल तेवढ्या भागाभोवती रेषा काढली होती. नुसते पंप दाखवून थांबले नाहीत.

पाणवठा: उलटसुलट केलं, बिंदू जागेवर आले! आभार. पण शून्यवाल्या बहुतेक नोंदी एकाच, डोंगराच्या कुशीतल्या वस्तीच्या आहेत. वस्तीच्या मध्यावर टाकून देऊ?

निरभ्र: अजिबात नको. दारात पाणी असल्यासारखं दिसेल. गाळूही नका, नाहीतर स्रोतच नाही असं वाटेल. 'जागा नोंदलेली नाही' म्हणून वेगळा रंग द्या आणि परत जाऊन मोजा.

घागर: आणि नोंदी कोणत्या महिन्यातल्या? पावसाळ्यात विचारलं असेल तर उन्हाळ्यात आटणारे झरेही आलेले असतील त्यात.