मदत हवी आहे: आईचा सीपीके उतरला, पण एनएलआर दुपटीहून वाढला

मंडळी, जाणकारांनी कृपया बघा.

आई ५८ वर्षांची. दिवाळीपासून वेणी घालायला हात वर जाईना, खाली बसली की कुणीतरी धरून उठवावं लागे. एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसले म्हणून दीड महिना लिव्हरच्या गोळ्या झाल्या. ती एन्झाइम्स स्नायूंतूनही येतात, हे सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ४,८६० आला तेव्हा कळलं. पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे होतेच, पण त्याचं खापर आम्ही भांड्यांच्या साबणावर फोडलं होतं. निदान डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे स्नायू आणि त्वचेला सूज आणणारा आजार. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ४० मिलिग्रॅम, प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा.

आता प्रश्न. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) भागलं की एनएलआर येतो आणि तो जास्त असेल तर या आजारात पुढचं अवघड असतं, असं रात्री जागून वाचलं. मग काय, जुने सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट) काढून भागाकार करत बसलो. औषधाआधी न्यूट्रोफिल ७२ टक्के, लिम्फोसाइट २० टक्के, म्हणजे ३.६. पाच आठवड्यांनी ८५ आणि १०, म्हणजे ८.५! पांढऱ्या पेशी ९,२०० वरून १३,४००. सीपीके मात्र १,१४० वर आलाय आणि आई जिना एकटी चढते. खरं काय मानायचं? डॉक्टरांची तारीख अजून तीन आठवड्यांनी आहे. घरात कुणाला बोललो नाहीये.

प्रतिसाद १
लॅबमध्ये वीस वर्षं काढली, तेवढ्या भांडवलावर सांगतो. भागाकार बरोबर आहे, तुलना चुकली. स्टिरॉइड सुरू झालं की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाहेर पडतात. वरचा आकडा फुगतो, खालचा आटतो. प्लेटलेटला लिम्फोसाइटने भागून काढतात त्या पीएलआरचंही तेच, त्यामुळे तो काढायला बसू नका. रिपोर्टवर इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) किती आहेत बघा. स्टिरॉइडवर ते बहुतेकदा जवळजवळ शून्यावर येतात.

प्रतिसाद २
मी फिजिशियन आहे. वरचं पटतं, थोडी भर घालतो. एनएलआरवरून हा आजार ओळखता येत नाही. न्यूमोनिया, हार्ट अटॅक, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कशानेही तो चढतो. हा आजार ठरवायच्या २०१७ च्या युलर/एसीआर (संधिवाततज्ज्ञांच्या संघटना) निकषांत अशक्तपणा, त्वचेची लक्षणं, सीपीके आणि इतर एन्झाइम्स, अँटी-जो-१ ही अँटिबॉडी आणि बायॉप्सी आहे, सीबीसी नाही. तुम्ही वाचलंत तेही खोटं नाही. सुरुवातीचा एनएलआर जास्त असलेल्या रुग्णांत फुप्फुसाचा त्रास आणि मृत्यू जास्त, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण ते बरेचसे जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत आणि तिथून एका माणसाचं भविष्य काढता येत नाही. काढायचंच तर तुमचा उपयोगाचा आकडा ३.६, ८.५ नव्हे.

मात्र सीबीसी टाकाऊ समजू नका. मेथोट्रेक्सेटवर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरत नाहीत ना, यावर लक्ष लागतं. ताप आला तर वाढलेल्या पेशी स्टिरॉइडच्या खात्यात टाकून गप्प बसू नका, जंतुसंसर्गही असू शकतो. गोळी मनाने कमी-जास्त करू नका.

मला खरं तर दुसरंच विचारायचंय. मायोसायटिस अँटिबॉडी पॅनल झालं का? त्यात एमडीए-५ ही अँटिबॉडी काय आली? ती असलेल्या प्रकारात स्नायूंचा अशक्तपणा किरकोळ असूनही फुप्फुसं काही आठवड्यांत बिघडू शकतात. लिम्फोसाइट कमी, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) जास्त असं चित्र दिसतं. खोकला, धाप? छातीचा एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन)? आणि या वयात डर्मॅटोमायोसायटिस निघाला की कॅन्सरची तपासणीही करतात, ती झाली का?

प्रतिसाद ३
मी स्वतः सहा वर्षं याच आजाराची पेशंट. आईंना एक विचारा, पाणी पिताना ठसका लागतो का? गिळायचे स्नायूही यात सापडतात आणि बायका ते सांगत नाहीत.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. इओसिनोफिल आधी ३, आता ०. जीव भांड्यात पडला.

ठसका लागत नाही म्हणते. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली, दोन्ही ठीक. अँटिबॉडी पॅनल पाठवलं होतं, रिपोर्ट आणायला कुणी गेलंच नाही. आणि डॉक्टर, कोरडा खोकला आहे. पंधरा दिवस झाले. थंडीमुळे असेल म्हणून इथे लिहिलाच नव्हता. एचआरसीटी झालेला नाही. तीन आठवडे थांबत नाही, आत्ताच फोन लावतो.