पाठलाग होतो म्हणून मुलीची शिकवणी बंद करावी का?

प्रश्न :
आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझी सोळा वर्षांची पुतणी संध्याकाळी शिकवणीहून चालत येते. दुचाकीवरची दोन मुले तीन आठवडे तिच्या मागे येत असून परवा एकाने तिची ओढणी ओढली. घरी यायला वीस मिनिटे उशीर का होतो, असे खोदून विचारल्यावर ती लांबच्या गल्लीने येत असल्याचे कळले. तक्रार केली तर मुलीचेच नाव खराब होईल, त्यापेक्षा शिकवणी बंद करावी, असे थोरल्या भावाचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर १ :
वर्तमानपत्रे ज्याला ‘रोडरोमिओ’ असे लाडिक नाव देतात, त्याला कायदा गुन्हेगारच म्हणतो. भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी कलम ७८ आहे, आणि ओढणी ओढणे हे विनयभंगाच्या कलम ७४ मध्ये बसू शकते, ज्यात किमान एक वर्षाची शिक्षा आहे. मुलगी अठरा वर्षांखालील असल्याने मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदाही पाहावा लागेल. त्यानुसार तिचा जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि तो घेणाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा लागतो. त्यामुळे दारात पोलीस दिसतील, ही भावांची धास्ती बरीच कमी व्हावी. प्रसंग घडत असेल तेव्हा ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लावावा.

उत्तर २ :
माझी आई विड्या वळायची. तयार विड्या देऊन पाने-तंबाखू आणायला गल्लीतल्या पाचजणी मिळूनच निघत, आणि ते गप्पांसाठी असावे असे मला वाटे. वाटेत एकजण रोज शेरे मारायचा. एके दिवशी त्या पाचहीजणी त्याच्या घरी गेल्या आणि त्याचे शब्द त्याच्या आईपुढे जसेच्या तसे म्हणून दाखवले. अर्थात हा उपाय ओळखीच्या पोरांवर चालतो. अनोळखी दुचाकीस्वारांसाठी पोलीसच हवेत.

उत्तर ३ :
माझे दुकान अशाच एका कोपऱ्यावर आहे. गिऱ्हाईक तुटेल म्हणून आम्ही दुकानदार पाहूनही गप्प बसतो. मीही बसलो आहे. वाटेवरच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, तेव्हा ते आजच मागा.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पुतणीला गाडीचा क्रमांक विचारला, तेव्हा तिने वहीचे शेवटचे पान उघडले. एमएच १३ पासूनचा पूर्ण क्रमांक आणि त्याखाली अकरा तारखा वेळेसह लिहिलेल्या होत्या. ते पान भावाने स्वतः वाचले. उद्या ठाण्यात आमच्याबरोबर तेही येत आहेत.