लेकीला टाइप 1 डायबेटिस आहे आणि जर्मनीला शिफ्ट होतोय, इन्शुरन्स आणि इन्सुलिनबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मिस्टरांना स्टुटगार्टला नोकरी लागलीये, ते आधी जातील आणि एप्रिलमध्ये परीक्षा संपली की मी आणि लेक मे महिन्यात. लेक सात वर्षांची, टाइप 1, दिवसाला चार इंजेक्शनं, त्यामुळे घर कुठं मिळेल वगैरेपेक्षा मला तिच्या औषधपाण्याचाच घोर लागलाय.

आधी इन्शुरन्स. तिथल्या सरकारी पद्धतीच्या विम्यात पगारातून टक्क्यानं पैसे कापतात, न कमावणारी बायको आणि मुलं त्यातच येतात, वेगळे पैसे नाहीत आणि आधीचा आजार आहे म्हणून नाही म्हणत नाहीत. प्रायव्हेटला माणशी वेगळा हप्ता आणि आजारांची सगळी चौकशी. एक एजंट मिस्टरांच्या मागं लागलाय की तुमचा पगार प्रायव्हेटच्या अटीत बसतो, प्रायव्हेट घ्या, स्वस्त पडेल. अहो एकट्या माणसाला पडेलही, पण लेकीचं काय? आणि नंतर सरकारीत परत येणं सोपं नसतं म्हणतात. मी सरकारीवरच ठाम आहे, तरी लहान मूल घेऊन गेलेल्या कुणी अनुभव सांगितला तर मिस्टरांना दाखवता येईल.

दुसरं इन्सुलिन. आम्ही वापरतो ती कुपी एका मिलीला 40 युनिटची, सिरिंजही 40 ची, आणि इंजेक्शनच्या पेनमधलं असतं 100 चं. तिथं 100 चं हातात आलं आणि चुकून आपल्या सिरिंजनं भरलं तर अडीचपट डोस जाईल, या विचारानंच झोप उडते. म्हणून डॉक्टर म्हणतायत जायच्या आधी इथंच पेनची सवय लावा, ते सुरू केलंय. तीन महिन्यांपुरतं औषध नेता येतं आणि इन्सुलिन केबिन बॅगेतच ठेवायचं, खालच्या सामानात गोठू शकतं, एवढं कळलंय. पण सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन, मग रात्रभर सिद्धेश्वर एक्स्प्रेस, मग विमानतळावर ताटकळणं, एवढा वेळ थंड कसं ठेवलंत तुम्ही?

शाळेत गोवराच्या दोन डोसांचा पुरावा लागतो, आमचं लसीचं कार्ड हातानं मराठीत लिहिलेलं आहे, भाषांतर इथून करून न्यावं का तिथं?

आणि शेवटचं, ज्वारीच्या अर्ध्या भाकरीला किती युनिट हे मला तोंडपाठ आहे, पण तिथं शाळेत दुपारच्या जेवणाआधी शुगर कोण बघतं, इंजेक्शन कोण देतं? टीचर देतात का आईनं जायचं?