मदत हवी आहे: मिक्स्ड मॉडेलमधलं इंटरॅक्शन प्रबंधात कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी,

ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस करतेय. प्रबंधात एकाच मुलाची वेगवेगळ्या वयांतली मापं आहेत, म्हणून मिक्स्ड मॉडेल (एकाच मुलाची मापं एकमेकांशी जोडलेली असतात हे धरणारं सांख्यिकी मॉडेल) लावलंय. माझा डेटा इथे टाकता येत नाही, पण घोळ अगदी तसाच 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या 'ऑर्थोडाँट' डेटातही दिसतो. पॉटहॉफ आणि रॉय यांचा १९६४ सालचा डेटा: १६ मुलगे, ११ मुली, वय ८, १०, १२ आणि १४, कवटीतल्या दोन ठरावीक बिंदूंमधल्या अंतराची एकूण १०८ मापं, सगळी मिलिमीटरमध्ये.

वय, लिंग, त्यांचं इंटरॅक्शन (मुलगा-मुलगीनुसार वाढीचा वेग किती बदलतो ते) आणि प्रत्येक मुलाचा रँडम इंटरसेप्ट (त्याची स्वतःची मूळ पातळी) घेतला की वयाचा आकडा येतो ०.७८४, मुलग्यांच्या तुलनेत मुलींचा +१.०३२, इंटरॅक्शनचा −०.३०५ (स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, ०.१२१, पी ०.०१४).

माझ्या तक्त्यातल्या अशाच अधिक चिन्हाभोवती गाइडनी लाल गोल काढला आणि शेजारी लिहिलं, "मुलींचं जास्त? आलेख बघा." त्यांचं बरोबरच आहे. या डेटातही आठव्या वर्षी मुलग्यांची सरासरी २२.८८ आणि मुलींची २१.१८ आहे. दोन रात्री डोकं खाजवल्यावर कळलं की तो +१.०३२ हा वय शून्य असतानाचा फरक आहे, आणि शून्य वयाचं मूल तर डेटात नाहीच! वयातून ११ (चारही वयांची सरासरी) वजा करून मॉडेल पुन्हा चालवलं तर तोच आकडा −२.३२ झाला. इंटरॅक्शन जागचं हललं नाही.

आता अडलंय ते इथे. तक्त्यात ११ वजा केलेलंच मॉडेल द्यावं ना? लिंगाच्या ओळीपुढे पी-व्हॅल्यू लिहावी, की ती वाचणाऱ्याला चकवेल? मला वाटतं, मजकुरात सरळ "मुलग्यांची वाढ वर्षाला ०.७८ मिमी, मुलींची ०.४८" असं कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट लिहावं आणि सोबत प्रत्येक मुलाची रेघ दाखवणारा आलेख द्यावा. डॉक्टर वाचकाला तेच कळेल.

दुसरी अडचण जास्त छळतेय. वयाचा रँडम स्लोपही (प्रत्येक मुलाचा वेगळा वाढीचा वेग) घेतला की इंटरॅक्शनचा स्टँडर्ड एरर ०.१३५ होतो आणि पी ०.०२६. प्रत्येक मूल आपापल्या वेगाने वाढतं, म्हणून मला हेच मॉडेल पटतं. पण पहिलं मॉडेलही चालवून पाहिलं होतं हे प्रबंधात लिहायचं का, आणि कुठे: पद्धतीत की परिशिष्टात?

कुणी असा प्रबंध किंवा पेपर लिहिला असेल तर निकालातली तुमची दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी दाखवाल का?