जुन्या फायबर होडीचा ट्रान्सम नव्याने बांधायचा आहे: साहित्य कोणते निवडावे?

प्रश्न (शिवोलीहून)

नमस्कार. माझ्या वडिलांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी घेतलेली अठरा फुटी फायबरची होडी आम्ही आजही शापोरा नदीत आणि हवा चांगली असेल तेव्हा नदीच्या मुखाबाहेर थोड्या अंतरापर्यंत मासेमारीसाठी नेतो. तिच्यावर ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. गेल्या महिन्यात इंजिन वर उचलून पंख्याकडचा भाग हाताने खाली-वर दाबून पाहिला, तेव्हा ज्या मागच्या फळीवर ते लटकते, तो ट्रान्समच इंजिनाबरोबर हलताना दिसला. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत केसासारख्या बारीक भेगा आहेत आणि हातोडीने हलके ठोकल्यास मधल्या भागातून बद्द आवाज येतो. खात्री करून घेण्यासाठी आतल्या बाजूने ६ मि.मी.चे छिद्र पाडले, तर कोरड्या भुशाऐवजी काळपट, ओला लगदा बाहेर आला.

सात वर्षांपूर्वी एका ठिकाणी याच भागाची दुरुस्ती करून घेतली होती. त्यांनी आतले लाकूड न बदलता वरून मॅटचे (काचतंतूंच्या चादरीचे) दोन थर चढवून दिले, आणि त्या वेळी आम्हीही अधिक चौकशी केली नाही. आता संपूर्ण गाभा काढून नवा बसवायचा आहे, परंतु सल्ले तीन प्रकारचे मिळत आहेत. ओळखीचे सुतार सागवानाची फळी सुचवतात, फायबरचे काम करणारे मरीन प्लाय आणि नेहमीचे (पॉलिएस्टर) रेझिन, म्हणजे काचतंतू भिजवून पक्के करणारे द्रव, वापरा म्हणतात, तर एका मित्राच्या मते लाकूड पूर्णपणे वर्ज्य करून फोमचा बोर्ड घालावा. पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करण्याची इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (मालीमहून)

आपण छिद्र पाडून पाहिलेत, हे योग्य केलेत. गाभा कशाचा असावा या प्रश्नाआधी आधीचा गाभा कशामुळे कुजला, हे पाहावे लागेल. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो. लाकडातील पाण्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिले, तर ती वाढत नाही. ट्रान्सममध्ये पाणी बहुतेक वेळा तीन वाटांनी शिरते: इंजिनाच्या बोल्टांची छिद्रे, पाणी काढण्याच्या बुचाचे छिद्र, आणि इंजिनाचा कंस जिथे घासतो ती वरची कड. या तीन जागा उघड्या राहिल्या, तर उत्तम प्रतीचा प्लायसुद्धा काही वर्षांत आपल्या आजच्या गाभ्यासारखाच होईल.

माझी निवड आय.एस. ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) चा शिक्का असलेला मरीन प्लाय आणि इपॉक्सी (दोन घटक मिसळून पक्के होणारे रेझिन) ही आहे. १९ मि.मी.चे दोन तुकडे एकमेकांना चिकटवले की ३८ मि.मी. जाडी मिळते, आणि आतले-बाहेरचे फायबर धरून ती पन्नासच्या जवळ जाते. तरीही जुना गाभा काढण्यापूर्वी मूळ जाडी मोजून लिहून ठेवा, कारण इंजिनाचे क्लॅम्प आणि बोल्टांची लांबी त्या मापाला जुळलेली असते. त्याचबरोबर ट्रान्समची उंचीही मोजा. शॉर्ट शाफ्टच्या (आखूड दांड्याच्या) इंजिनाला १५ इंच आणि लाँग शाफ्टच्या (लांब दांड्याच्या) इंजिनाला २० इंच हे प्रचलित माप आहे, आणि नव्या बांधणीत वरची कड मापापेक्षा उंच झाली तर पंखा हवा ओढू शकतो.

प्लाय घेताना केवळ ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नका. फर्निचरच्या दुकानांत आय.एस. ३०३ (सर्वसाधारण वापराच्या प्लायचे मानक) चा प्लायही त्याच नावाने दाखवला जातो. आय.एस. ७१० च्या प्लायचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. आपण घरीच एक तुकडा मोठ्या पातेल्यात काही तास उकळून पाहू शकता. थर सुटले तर ती शीट परत करावी. कापलेली कड उजेडात धरून आतल्या थरांत पोकळी आहे का, हेही पाहावे, कारण बोल्ट नेमका पोकळीतून गेला तर पाण्याला आडवा मार्गच मिळतो. मात्र डिंक पाण्यात टिकतो म्हणजे लाकूड कुजत नाही, असा अर्थ कोणीही काढू नये. हा गैरसमज मी जेटीवर वारंवार ऐकतो आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जाताना पाहिले आहेत.

रेझिनच्या बाबतीत मी नेहमीच्या पॉलिएस्टरचा आग्रह धरणार नाही, जरी माझ्या कामाचा मोठा भाग त्यावरच चालतो. नवी होडी साच्यात बांधताना पॉलिएस्टर चांगलेच आहे. परंतु जुन्या, पूर्ण पक्क्या झालेल्या फायबरवर आणि लाकडावर त्याची पकड इपॉक्सीइतकी भरवशाची नसते, आणि आपले सगळे काम याच दोन पृष्ठभागांवर आहे. इपॉक्सी घेतल्यास नेहमीची चॉप्ड मॅट मात्र वापरू नका. त्या मॅटचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधील स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने विरघळत नाही, म्हणून ती नीट भिजत नाही. चौरस मीटरला ४५० किंवा ६०० ग्रॅमचे बायॅक्सियल (दोन दिशांनी तंतू असलेले) काचतंतूंचे कापड आणावे.

एक सूचना कारागिरालाही द्या. पॉलिएस्टरची सवय असलेला माणूस लवकर सुकावे म्हणून हार्डनर (रेझिन पक्के करणारा घटक) थोडे जास्त घालतो. इपॉक्सीत तसे केल्यास ते कायमचे मऊ राहते. कंपनीने दिलेले प्रमाण काट्यावर तोलूनच घ्यावे, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात स्लो हार्डनर वापरून एका वेळी थोडेच मिश्रण उथळ थाळीत कालवावे. बादलीत ठेवलेले मिश्रण आपल्याच उष्णतेने धूर सोडू लागते.

उत्तर (वास्कोहून)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. सागवानाविषयी थोडे लिहितो, कारण आपल्या सुतारांचे म्हणणे अज्ञानातून आलेले नाही. लाकडी होडीत सागवान आणि उंडी यांनी पिढ्यान्‌पिढ्या काम दिले आहे. परंतु तिथे लाकूड मोकळे असते, त्याला फुगायला आणि आटायला वाव असतो. अखंड फळी रेषांच्या आडव्या दिशेने ऋतुमानानुसार कमी-जास्त होते, आणि फायबरच्या बंद कवचात ठेवल्यावर ती कवचाला भेगा पाडते. प्लायमध्ये थर एकाआड एक आडवे-उभे असल्यामुळे ही हालचाल फारच कमी होते. शिवाय सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसले नाही तर रेझिन धरत नाही. सुतारांकडून कोपऱ्यांतील आधाराच्या कोन्या आणि साचा अवश्य बनवून घ्या; तिथे त्यांच्या हाताला पर्याय नाही.

उत्तर (बेतूलहून)

मी स्वतः साळ नदीतील होडीत फोमचा बोर्ड घातला आहे आणि त्याविषयी समाधानी आहे, म्हणून त्याची बाजू मांडतो. तो कुजत नाही, हा फायदा फार मोठा आहे. परंतु फोम म्हणजे कोणताही फोम नव्हे. घनमीटरला ८० किलो घनतेचा जो पीव्हीसी फोम डेकमध्ये घालतात, तो बोल्ट आवळताच चेपतो. ट्रान्समसाठी काचतंतू घातलेला, ४०० किलोच्या आसपास घनतेचा पॉलियुरेथेन बोर्ड लागतो, तो मागवून घ्यावा लागतो आणि प्लायच्या तुलनेत बराच महाग पडतो. प्लाय स्वतः वाकण्याला विरोध करतो. फोम तितका करत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना कापडाचे थर वाढवावे लागतात आणि इंजिनाच्या मागे रुंद धातूची पट्टी द्यावी लागते. पुढे आपण फोर-स्ट्रोक इंजिन घेण्याचा विचार करीत असाल, तर आजच्या सत्तर-पंचाहत्तर किलोंऐवजी शंभर किलोंच्या आसपास वजन त्या फळीवर येईल, हे धरूनच आत्ता बांधणी ठरवा.

प्रश्नकर्ता (शिवोलीहून)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. खर्च आणि उपलब्धता पाहता मरीन प्लाय व इपॉक्सी हेच ठरवले आहे. फोर-स्ट्रोकचा विचार पुढील दोन-तीन वर्षांत आहे, म्हणून आतल्या बाजूला कापडाचा एक थर जादा घालीन. दोन शंका उरल्या आहेत. गाभा आतून काढावा की बाहेरून? आणि बोल्टांची छिद्रे नेमकी कशी बंद करावीत?

उत्तर (मालीमहून)

आतून काढा. कडेने सुमारे तीन इंचांची पट्टी ठेवून आतले कवच कापा, कुजलेला गाभा पटाशीने काढा आणि बाहेरचे कवच तसेच राहू द्या. तेच आपला साचा ठरेल. मात्र गाभा गेल्यावर ते पातळ कवच बाहेर फुगते, म्हणून कापण्यापूर्वीच बाहेरून एक सरळ, जाड फळी आवळून ठेवावी. तळातील लांब दांडे ट्रान्समला मिळतात तिथेही टोचून पाहा, कारण कूज तिथपर्यंत गेलेली असते. नंतर दोन-तीन आठवडे शेडमध्ये हवा खेळू द्या. ओल्या कवचावर नवा प्लाय चिकटवला, तर ती ओल आतच कोंडली जाईल. नवे कापड बाजूच्या भिंतींवर वळवताना जुने फायबर जाडीच्या बारापट लांबीपर्यंत उतरते घासून घ्या.

प्लायच्या सर्व कडांना पातळ इपॉक्सी पिऊन घेईपर्यंत दोन-तीन वेळा लावावे. चिकटवताना सिलिका घालून घट्ट श्रीखंडासारखे केलेले मिश्रण दोन्ही पृष्ठभागांना द्यावे, आणि क्लॅम्प इतकेच आवळावेत की कडेने थोडे मिश्रण बाहेर दिसेल. सगळे पिळून निघाले तर जोड कोरडा राहतो.

छिद्रांसाठी १२ मि.मी.च्या बोल्टाला आधी २० मि.मी.चे छिद्र पाडा, ते त्याच घट्ट मिश्रणाने पूर्ण भरा, पक्के झाल्यावर मधोमध पुन्हा बोल्टाच्या मापाचे छिद्र पाडा. अशा रीतीने बोल्टाभोवती इपॉक्सीची नळीच तयार होते आणि पाणी आले तरी लाकडाला स्पर्श करीत नाही. बुचाच्या छिद्रालाही हेच करावे. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे घ्या आणि बसवताना पॉलियुरेथेन सीलंट लावा, सिलिकॉन नको. रंग किंवा जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा रंगीत, गुळगुळीत थर) देण्याआधी इपॉक्सीवर आलेला मेणचट थर साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुऊन घ्या. जेलकोटपेक्षा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग दिलेला बरा, कारण जेलकोट पॉलिएस्टरचा असतो आणि इपॉक्सीवर तो कधी कधी नीट न सुकता चिकचिकीतच राहतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत शेवटचा थर पक्का झालेला असावा, असे वेळापत्रक आखा. १ जूनला मासेमारी बंदी लागली की शेडमध्ये जागा मिळणे कठीण होते, आणि पावसाच्या दमट हवेत प्लाय कोरडा ठेवणे त्याहून कठीण.