दीर्घकालीन धान्यसाठा आणि आपत्कालीन तयारी : गृहनिर्माण संस्थेच्या सभेपूर्वी सभासदांच्या ग्रुपवर झालेली चर्चा (आकडे म्हणजे बोलणाऱ्यांचे सदनिका क्रमांक)

५०१ : सर्व सभासदांना नमस्कार. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर आपत्कालीन तयारीचा विषय आहे, म्हणून माझे मत आधीच मांडतो. वीज, वाहतूक आणि बँकव्यवहार एकदमच कोलमडतील ही कल्पना टोकाची वाटते, पण तिचा काही अंश जगाने पाहिलेला आहे. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमधील वीज अचानक गेली आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. २०१७च्या मारिया चक्रीवादळानंतर कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटाच्या बऱ्याच भागांत कित्येक महिने अंधार होता. आणि बोस्नियाची राजधानी सारायेव्होने युद्धात १९९२ ते १९९६ एवढा काळ शत्रूसैन्याच्या वेढ्यात काढला. प्रत्येक घराने किमान तीन महिन्यांचा, जमल्यास वर्षभराचा कोरडा साठा करावा, असे मला वाटते. मदतकार्यात माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी धरतात. त्या हिशेबाने साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळी, २५ ग्रॅम तेल आणि त्याखेरीज थोडे पोषक मिश्र पीठ व मीठ-साखर लागते.

३०४ : काका, विषय आणलात हे फार बरे केले. धान्य विकत घेणे सोपे असते, टिकवणे अवघड. अॅल्युमिनिअमचा थर असलेल्या मायलरच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) जाड पिशवीत धान्य भरून, त्यात ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकून, पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने चिकटवून बंद करतात. पुडीतील लोखंडाची भुकटी गंजताना आतला ऑक्सिजन संपवते, त्यामुळे कीड आणि तिची अंडी जगत नाहीत. दोन दिवसांत पिशवी दाण्यांना चिकटून विटेसारखी टणक झाली, तर सील नीट बसले असे समजावे. मात्र ती मऊ राहिली म्हणजे काम बिघडलेच असे नाही, कारण हवेतील सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आतच राहतो. पुड्यांचे पाकीट फोडले की त्या लगेच वापरून टाकाव्यात, नाहीतर त्या बाहेरच्या हवेतच निकामी होतात.

अशा रीतीने थंड जागी ठेवलेला पॉलिशचा तांदूळ २५ ते ३० वर्षे खाण्याजोगा राहतो, तर हातसडीचा तांदूळ कोंड्यातील तेलामुळे, साध्या डब्यात ठेवल्यास, सहा महिन्यांच्या आसपास खवट होऊ लागतो. साखर आणि मिठात पुडी टाकू नये. साखरेचा दगड होतो आणि मिठाला तिची गरजच नसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साठवायचा पदार्थ खडखडीत वाळलेला हवा. त्यात १० टक्क्यांहून अधिक ओलावा असताना ऑक्सिजन काढून घेतला, तर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे विष तयार करणाऱ्या जिवाणूला आपणच अनुकूल जागा करून देतो, आणि ते विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असे नाही.

१०२ : ताई, धान्यात ठेवायच्या किडीच्या गोळ्या मिळतात. त्या आणल्या तर एवढा खटाटोप वाचणार नाही का?

३०४ : कृपया त्या कोणीही आणू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडतात. तो बंद घरात जीवघेणा आहे, त्याच्यावर ठरावीक उतारा नाही, आणि फटींतून किंवा डक्टमधून तो शेजारच्या झोपायच्या खोलीतही पोचू शकतो. किडीची शंका असेल, तर धान्य हवाबंद पिशवीत उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावे आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी.

४०३ : दोघांचेही म्हणणे पटते, परंतु या हिशेबात एक मोठी उणीव राहते. आपण धान्य मोजले, ते शिजवण्याचे पाणी आणि इंधन मोजले नाही. वीज गेली की पंप थांबतो, गच्चीवरची टाकी रिकामी होते, आणि उंच इमारत उपासमारीच्या कितीतरी आधी संडासात टाकायला पाणी नाही म्हणून राहण्यालायक उरत नाही. आपत्तीग्रस्तांसाठी मदतसंस्थांनी ठरवलेल्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांत सर्व वापर मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरले आहे. चौघांच्या कुटुंबाला दोन आठवड्यांसाठी ते ८४० लिटर होते. एवढे पाणी घरात एका जागी ठेवणेही धोक्याचे आहे, कारण निवासी स्लॅब सर्वसाधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून बांधतात. चौघांचे वर्षाचे धान्यच सुमारे ५८४ किलो भरते, म्हणून त्याच्या गोण्या बाल्कनीत तर रचूच नयेत.

इंधनाबाबत माझा आग्रह असा की अख्ख्या कडधान्यांपेक्षा फोडलेल्या डाळी अधिक घ्याव्यात. जुनी कडधान्ये वर्षागणिक कडक होत जातात आणि त्यांना तासन्‌तास आच लागते. प्रेशर कुकर, किंवा उकळी आलेले भांडे जाड गोधड्यांत गुंडाळून ठेवण्याची पद्धत, यांमुळे इंधन खूप वाचते. थोडी अख्खी कडधान्ये मोड आणण्यासाठी जरूर ठेवावीत, कारण ताज्या भाज्या बंद झाल्या की क जीवनसत्त्वाची उणीव काही आठवड्यांत जाणवू लागते. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर मात्र कोणीही घरात, जिन्यात वा बंद पार्किंगमध्ये चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

५०१ : मग वर्षभराच्या धान्याचा आग्रह मी तूर्त बाजूला ठेवतो. आधी दोन आठवड्यांचे पाणी, मग महिन्याचे इंधन आणि त्या इंधनावर जेवढे शिजेल तेवढेच धान्य, या क्रमाने प्रस्ताव लिहून देतो.

सचिव : प्रस्ताव मिळाल्यावर तळमजल्यावर पाण्याची पिंपे ठेवण्याबाबत स्ट्रक्चरल इंजिनीअरचे लेखी मत मागवले जाईल. ज्या घरांत इन्सुलिन, ऑक्सिजन यंत्र किंवा लहान बाळाचे दूध लागते, त्यांनी मला स्वतंत्रपणे कळवावे. ही माहिती ग्रुपवर टाकू नये.